मदत हवी आहे: पद्मिनीची आख्खी वायरिंग नवीन केली तरी सेल्फ उचलत नाही (अर्जंट! रविवारच्या आत)

चिंचवडी_पोरगा | मंगळवार, रात्री ११:५२

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे लिहितोय. घरच्या प्रीमियर पद्मिनीची आख्खी वायरिंग मी स्वतः बदलली. नाना पेठेतून तयार वायरिंग सेट आणला, त्यात चार रविवार आणि दोन सुट्ट्या गेल्या, एकेक वायर स्लीव्हमध्ये घालून, टेप मारून क्लिपात बसवली. आणि आता चावी फिरवली की नुसतं टक्. कधी कधी टकटकटकटक. सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) उचलतच नाही. सेल्फ खोलून, ब्रश नवे टाकून आणलाय, दुकानात बाकावर ठेवून फिरवला तर भन्नाट फिरत होता. बॅटरी नवी कोरी. दुसरं म्हणजे पार्किंग लाईट लावून ब्रेक दाबला की मागचा डावा दिवा उजळायच्या ऐवजी मंद होतो आणि डॅशबोर्डवर इंडिकेटरचा दिवा मिणमिणायला लागतो, इंडिकेटर लावलेला नसताना!! रविवारी बाबांची साठी आहे, त्यांना याच गाडीतून हॉलवर न्यायचंय, सगळ्या नातेवाईकांना सांगून बसलोय. वायरिंगचा प्रॉब्लेम नाहीये कारण वायरिंग नवीन आहे, तेव्हा प्लीज तेच तेच सांगू नका. नक्की काय बदलू तेवढं सांगा.

तिरसट_तात्या | बुधवार, सकाळी ७:०५

"वायरिंगचा प्रॉब्लेम नाहीये कारण वायरिंग नवीन आहे." हे वाक्य गाडीच्या मागच्या काचेवर लिहून घे.

कोथरूडकर_काका | बुधवार, सकाळी ७:३१

गाडी कुठल्या सालची? बॅटरी चार्ज करायला जुना डायनामो आहे की कोणी अल्टरनेटर बसवलाय? कटआउटवर (चार्जिंग ताब्यात ठेवणारी डबी) काय लिहिलंय? मूळ फियाटच्या कटआउटवर ५१, ६७, ३० असे आकडे असतात, लुकासच्या असेल तर डी, एफ, ए, ई अशी अक्षरं. तुझा तयार सेट यातल्या कशासाठीचा होता? हे काहीच न सांगता काय बदलू विचारतोयस, डॉक्टरकडे गेल्यावर पण असंच करतोस का? माझ्याकडे दोन फियाट होत्या, एक १९६६ ची डिलाईट, एक पद्मिनी, दोन्ही स्वतः सांभाळल्या, म्हणून विचारतोय.

राजू_बॅटरीवाला | बुधवार, सकाळी ८:१२

बॅटरी बदला. टकटक आवाज म्हणजे बॅटरी. नवी म्हणून दुकानदार वर्षभर रॅकवर पडलेली पण देतो. तारीख बघून घेतली का?

सांगलीचा_वायरमन | बुधवार, सकाळी ८:४०

गाडी रंगवली का
इंजिन खाली उतरवलं होतं का

जुनी_गाडी_नवा_दम | बुधवार, सकाळी ९:१५

भावा सरळ मारुती ८०० चा अल्टरनेटर बसव आणि मोकळा हो. मी माझ्या ८४ च्या पद्मिनीला बसवलाय, ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घेतला, तेव्हापासून बॅटरीला हात लावलेला नाही. डायनामो आयडलला काही म्हणजे काही देत नाही, सिग्नलला उभं राहिलं की हेडलाईट पिवळे. आजकालच्या ट्रॅफिकमध्ये डायनामो म्हणजे छळ आहे.

कोथरूडकर_काका | बुधवार, सकाळी ९:२२

त्याची गाडी सुरूच होत नाहीये. अल्टरनेटर काय धक्का मारणार आहे का?

जुनी_गाडी_नवा_दम | बुधवार, सकाळी ९:३०

काका, बॅटरी नीट चार्ज झाली तरच सेल्फ उचलेल ना. मुळाशी जा.

कोथरूडकर_काका | बुधवार, सकाळी ९:४१

मुळाशीच जातोय. आणि अल्टरनेटर बसवताना जुना कटआउट सर्किटमधून काढावा लागतो हे पण सांग त्याला, नाहीतर अर्धवट ऐकून करेल आणि वायरिंग परत एकदा नवीन करायची वेळ येईल. मूळ गाडीला मूळ डायनामो. ती खूण आहे तिची.

चिंचवडी_पोरगा | बुधवार, दुपारी १:१०

ऑफिसातून लिहितोय, जेवणाची सुट्टी. गाडी १९७८ ची, आजोबांनी घेतलेली. बॅटरीला मल्टीमीटर लावला, १२.६ दाखवतो, म्हणजे बॅटरी ठीक ना? डायनामोच असणार, काळी लांब नळकांड्यासारखी वस्तू आहे. फोटो टाकतोय पण अपलोड होत नाहीये. अल्टरनेटर वगैरे रविवारनंतर बघू, आत्ता फक्त सुरू होऊ दे.

खान्देशी_भाऊ | बुधवार, दुपारी १:३८

डुक्कर फियाट का? आमच्या गावात डॉक्टरांकडे होती. भारी गाडी.

कोथरूडकर_काका | बुधवार, दुपारी १:५०

डुक्कर फियाट म्हणजे पन्नाशीच्या दशकातली, गोल पाठीची. नंतर १९६४ पासून डिलाईट, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. सगळ्यांत ११०० सीसीच्या आसपासचंच इंजिन, १०८९. पण पद्मिनीला डुक्कर म्हणणं म्हणजे पैठणीला गाऊन म्हणण्यासारखं आहे.

अंबॅसॅडर_अण्णा | बुधवार, दुपारी २:२०

जुन्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला. बॅटरीच्या वायरी उलट लावून बघ, लगेच कळेल. आमच्या मॉरिसला हाच घोटाळा झाला होता.

मीनल_के | बुधवार, दुपारी २:२४

नाही!! उलट लावू नका!! जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असायचा, फियाट १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ. अण्णा, प्लीज असे सल्ले देऊ नका, तो पोरगा घाईत आहे, करून बसेल.

अंबॅसॅडर_अण्णा | बुधवार, दुपारी २:३१

मी "बघ" म्हटलं, "कर" म्हटलं नाही.

आरटीओ_ज्ञानी | बुधवार, दुपारी ३:०५

एक महत्त्वाचा मुद्दा कोणीच मांडला नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. पण गाडी मूळ रूपात हवी. धागाकर्त्याची ७८ ची आहे म्हणजे अजून बसत नाही. अल्टरनेटर बसवणाऱ्यांनी विचार करावा. शिवाय व्हिंटेज नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेलाच.

तिरसट_तात्या | बुधवार, दुपारी ३:१२

तो विचारतोय सेल्फ का उचलत नाही. तुम्ही त्याला नंबरप्लेट देताय.

सांगलीचा_वायरमन | बुधवार, दुपारी ३:४५

गाडी रंगवली का
इंजिन उतरवलं होतं का
दुसऱ्यांदा विचारतोय

मीनल_के | बुधवार, दुपारी ४:०२

वायरमन दादांच्या प्रश्नांची उत्तरं द्या आधी. आणि एक साधी टेस्ट करा. मल्टीमीटर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलला लावून ठेवा आणि कोणालातरी चावी फिरवायला सांगा. आकडा ९ च्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्या. ११-१२ च्या आसपास राहिला आणि तरी नुसतं टकटक, तर बॅटरी बिचारी तयार आहे, करंटला वाटेत कुणीतरी अडवतंय. नुसते उभ्या गाडीचे १२.६ काही सांगत नाहीत. (मी गाड्यांमधली नाही, महापारेषणला ठेकेदाराकडे काम करते, पण ओहमचा नियम पद्मिनीला पण लागू आहे.)

राजू_बॅटरीवाला | बुधवार, दुपारी ४:१०

लोड टेस्टरनेच कळतं. मल्टीमीटरने काही कळत नाही. कुठल्याही बॅटरीच्या दुकानात फुकट करून देतात.

चिंचवडी_पोरगा | बुधवार, रात्री ९:४८

आलो घरी. हो, गाडी रंगवली ना, पूर्ण पत्र्यापर्यंत खरवडून, दोन हात प्रायमर आणि वर पीयू, मूळचा क्रीम रंग, आरशासारखी झालीय. इंजिन पण उतरवलं होतं, इंजिन बे रंगवायचा होता म्हणून. पण हे सगळं सहा महिन्यांपूर्वी झालं, त्याचा वायरिंगशी काय संबंध?

मीनल ताईंची टेस्ट केली. चावी फिरवल्यावर ११.७. आईने फिरवली, मी मीटर धरला होता. हेडलाईट मस्त लागतात, म्हणजे करंट येतोय.

अजून एक, कदाचित वेगळाच प्रॉब्लेम असेल, चोकची केबल गरम होते. आज आई म्हणाली काहीतरी जळल्याचा वास येतोय, बघितलं तर केबलचं प्लास्टिक कार्ब्युरेटरजवळ मऊ पडलंय. केबल जुनीच आहे, ती पण बदलू का?

सांगलीचा_वायरमन | बुधवार, रात्री ९:५५

चावीला हात लावू नको
बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेव आत्ताच्या आत्ता

कोथरूडकर_काका | बुधवार, रात्री ९:५९

अरे देवा. चोकची केबल!! पोरा, वायरमन सांगतोय तसं कर. त्या केबलचं टोक कार्ब्युरेटरवर आहे आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आहे. साठी बाजूला राहील आणि अग्निशमन दलाला बोलवावं लागेल.

चिंचवडी_पोरगा | बुधवार, रात्री १०:०३

काढली. पण कोणीतरी नीट सांगा ना काय झालंय!!

सांगलीचा_वायरमन | बुधवार, रात्री १०:२०

टायपिंग येत नाही जास्त तरी लिहितो. बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला असतो सेल्फ असतो इंजिनाला इंजिन बसतं रबरी माउंटिंगवर म्हणजे इंजिन आणि बॉडी यांचा एकमेकांशी संबंध नाही तो संबंध जोडायला इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीला एक विणलेली तांब्याची पट्टी असते चपटी. तू इंजिन परत बसवताना ती पट्टी लावली नाहीस. सेल्फचा करंट परत यायला रस्ता शोधतो मग चोकची केबल अॅक्सिलेटरची तार मीटरची केबल यातून बॉडीला जातो. शंभर अँपिअरचा माल सायकलच्या तारेतून. महिन्यातून एक गाडी येते माझ्याकडे अशी, सगळ्या रंगवून आलेल्या

मीनल_के | बुधवार, रात्री १०:३४

अगदी हेच. आकड्यात सांगायचं तर समजा त्या केबलचा रोध ०.१ ओहम आहे, हाताला काहीच वाटत नाही. पण त्यातून ८० अँपिअर गेले की ८ व्होल्ट तिथेच खलास, सेल्फला उरले साडेतीन. आणि ८ गुणिले ८० म्हणजे ६४० वॅट, तुमची चोकची केबल जवळजवळ इस्त्री झाली होती. हेडलाईट का लागतात? कारण त्यांचा इंजिनशी संबंधच नाही, ते बॉडीवरूनच परत जातात, आणि त्यांना दहाएक अँपिअर पुरतात. "करंट येतोय" हे बरोबर आहे, पण तो जातोय का हे कोणी बघत नाही.

चिंचवडी_पोरगा | बुधवार, रात्री १०:४१

विणलेली पट्टी... एक होती. ग्रीसने काळी झालेली, मला वाटलं सायलेन्सरचं काहीतरी असेल. जुन्या वायरिंगबरोबर भंगारवाल्याला दिली. 😐

तिरसट_तात्या | बुधवार, रात्री १०:४३

जुनी वायरिंग भंगारात दिली?? नवीन गाडीवर चालेपर्यंत?? एकेका वायरीला चिठ्ठ्या लावून भिंतीवर टांगून ठेवायची असते ती, बाबा.

चिंचवडी_पोरगा | बुधवार, रात्री १०:४५

फोटो काढलेत.

तिरसट_तात्या | बुधवार, रात्री १०:४६

किती?

चिंचवडी_पोरगा | बुधवार, रात्री १०:४७

तीन.

कोथरूडकर_काका | गुरुवार, सकाळी ६:५०

आता पट्टी. नाना पेठेत तयार मिळते, नाहीच मिळाली तर वेल्डिंगची २५ स्क्वेअर एमएमची केबल फूटभर घे, दोन्ही टोकांना तांब्याचे लग दाबून घे (दाबून, नुसते पक्कडीने चेपून नव्हे). जिथे बोल्ट बसणार तिथला तुझा तो आरशासारखा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत दिसेपर्यंत काढायचा. होय, जिवावर येईल. काढायचाच. दातेरी वॉशर घाल, बोल्ट आवळ, मग वरून पेट्रोलियम जेली. बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जिथे बसते तिथेही तेच, मला खात्री आहे तिथेपण रंगावरच बोल्ट मारलाय.

डावीकडच्या मागच्या दिव्याचं दुखणं पण तेच आहे. दिव्याची डबी पत्र्याला स्क्रूने बसते आणि त्या स्क्रूतूनच तिला अर्थ मिळतो, आता मध्ये रंगाचे चार थर. मोरीचं भोक तुंबलं की पाणी बाथरूमच्या जाळीतून वर येतं ना? ब्रेकचा करंट अर्थला जाऊ शकत नाही म्हणून इंडिकेटरच्या बल्बातून उलटा शिरतो आणि डॅशबोर्डवर मिणमिणतो.

जुनी_गाडी_नवा_दम | गुरुवार, सकाळी ८:०२

मागच्या दिव्यांना रंग खरवडत बसू नका, प्रत्येक डबीपासून वेगळी काळी वायर काढून डिकीत एका बोल्टला आणा. मी तसंच केलंय. मूळ गाडीत नव्हती म्हणून काकांना आवडणार नाही.

कोथरूडकर_काका | गुरुवार, सकाळी ८:१५

हे मात्र बरोबर आहे. लिहून ठेवा, आज गुरुवार.

राजू_बॅटरीवाला | गुरुवार, सकाळी ८:४०

तरी बॅटरी एकदा चेक कराच.

मुंबईकर_मंदार | गुरुवार, सकाळी ११:२०

धागा वाचून डोळ्यांत पाणी आलं. काकाची टॅक्सी होती, काळी-पिवळी पद्मिनी, मीटर बाहेर, टपावर कॅरिअर. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, ताडदेव आरटीओला २९ ऑक्टोबर २००३ ची नोंद होती, वीस वर्षं भरली की संपलं. कुर्ल्याला कारखाना होता तेव्हा भोंगा ऐकू यायचा म्हणतात घरातले.

सोलापुरी_चादर | गुरुवार, सकाळी ११:४१

त्या कारखान्याचे वालचंद हिराचंद आमच्या सोलापूरचे. १८८२ चा जन्म. नोंद असावी.

खान्देशी_भाऊ | गुरुवार, दुपारी १२:०५

वायरिंगला घरातली वायर वापरली तर चालते का? माझ्या जीपला करायचंय. एक एमएमची दोन बंडलं पडून आहेत.

मीनल_के | गुरुवार, दुपारी १२:३०

भाऊ, तुमचा वेगळा धागा काढा ना. पण थोडक्यात, गाडीला ऑटो केबलच घ्या, तिला इंजिनाची उष्णता आणि ऑइल सोसतं, आणि बारीक तारा जास्त असल्याने हादऱ्यांनी तुटत नाही. हेडलाईटला एक एमएम कमी पडेल. ६०/५५ चे बल्ब असतील तर दोन मिळून १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. अडीच एमएम आणि मध्ये रिले घाला, नाहीतर सगळा भार डिपरच्या स्विचवर येतो.

खान्देशी_भाऊ | गुरुवार, दुपारी १२:३३

म्हणजे दोन बंडलं वाया?

चिंचवडी_पोरगा | शुक्रवार, रात्री १०:१५

सुरू झाली!!!!! अर्ध्या चावीत!! आई घाबरून मागे सरकली इतक्या जोरात फिरला सेल्फ. पट्टी नाना पेठेत तिसऱ्या दुकानात मिळाली, पहिल्या दोघांनी ट्रॅक्टरची दाखवली. रंग घासला, काका, अक्षरशः डोळे मिटून घासला. मीनल ताईंनी व्यनित (खाजगी निरोपात) सांगितलेली टेस्ट पण केली, मीटरची एक पिन इंजिनला, एक बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि सेल्फ मारायचा. पट्टीशिवाय करायची हिंमत झाली नाही, पट्टी लावून ०.१५ आला. मागच्या दिव्यांना काळ्या वायरी टाकल्या, मिणमिणणं बंद. चोकची नवी केबल टाकली, जुनीच्या आतली तार निळी पडलीय, जपून ठेवणार आहे, भंगारात देणार नाही.

आता फक्त चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही. रेस केली तरी नाही. कटआउटवर डी, एफ, ए, ई आहे.

जुनी_गाडी_नवा_दम | शुक्रवार, रात्री १०:२०

अल्टरनेटर.

कोथरूडकर_काका | शुक्रवार, रात्री १०:३८

झोप तू. पोरा, डायनामो किती महिने पडून होता? आतलं लोखंड थोडं चुंबक राहिलेलं असतं त्यावर तो पहिल्यांदा करंट तयार करतो, पडून पडून ते उतरतं. इंजिन बंद कर. डायनामोवरची एफची वायर काढ. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक वायर घेऊन डायनामोच्या त्या एफ टर्मिनलला एक सेकंद शिवव, ठिणगी उडेल, घाबरू नको. दोनदा. मग वायर परत लाव आणि सुरू कर. हे फक्त डायनामोला, अल्टरनेटरला असलं काही करायचं नाही, आजूबाजूचे वाचतायत म्हणून सांगतोय. तरी नाही विझला तर बेल्ट ढिला आहे का बघ, मग ब्रश.

चिंचवडी_पोरगा | शनिवार, सकाळी ९:२६

विझला. दुसऱ्या ठिणगीला. काका, तुम्ही रविवारी जेवायलाच या, पत्ता व्यनि करतो.

राजू_बॅटरीवाला | शनिवार, सकाळी १०:००

म्हणजे बॅटरी चार्ज होत नव्हती. मी म्हणत होतो.

चिंचवडी_पोरगा | रविवार, रात्री ११:३०

बाबा हॉलपर्यंत मागे बसलेच नाहीत, "सरक" म्हणाले आणि स्वतः चालवली, कॉलमचा गिअर हात न अडखळता टाकत होते, मी बाजूला रिकामे हात घेऊन बसलो. परत येताना त्यांनी विचारलं जुनी वायरिंग कुठे ठेवलीस, आजोबांनी एका ठिकाणी स्वतः जोड दिला होता म्हणे १९८६ च्या पावसात. मी विषय बदलला.

वायरमन दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. एकच राहिलंय. डावीकडे पूर्ण वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो. हॉलच्या गेटमध्ये वळताना वाजत राहिला, लोकांना वाटलं मुद्दाम वाजवतोय, टाळ्या वाजवल्या. हे पण अर्थिंगच का?

सांगलीचा_वायरमन | सोमवार, सकाळी ८:३५

हॉर्न बटणाला अर्थ मिळाला की वाजतो तुझ्याकडे न मागता मिळतोय
स्टिअरिंग खोललं होतं का

तिरसट_तात्या | सोमवार, सकाळी ८:३७

आणि रंगवलं का.